उचललेली रेघ

कंपनीचं दप्तर खरं मानायचं, तर बुद्धभूषण ओव्हाळच्या एकुलत्या एक बहिणीचं लग्न तीन वेळा झालं आहे. पहिल्या वेळी ते खरोखर झालं होतं, काळेवाडीच्या विहाराशेजारच्या हॉलमध्ये. पुढच्या दोन वेळा भूषणला रजा हवी होती ती एकदा दाढ काढायला आणि एकदा सासुरवाडीला जायला. पण नवा अर्ज लिहायचा म्हणजे नवं कारण लिहायचं, आणि त्याचा त्याला कंटाळा. त्यानं जुना अर्ज उघडला, तारीख बदलली आणि देऊन टाकला. मंजूर करणाऱ्यानंही वाचला नाही. हे बहिणीच्या कानावर गेलं तेव्हा ती आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही.

आपण आळशी आहोत हे भूषणला शाळेपासून ठाऊक होतं. त्याबद्दल तो कधी स्वतःला फसवायला गेला नाही. मात्र आळसाला पगारही मिळतो, हे कळायला त्याला चाकणला यावं लागलं.

चाकणच्या त्या चाळीस माणसांच्या कंपनीत फिक्श्चर बनत. मोटारीच्या एखाद्या भागाला भोकं पाडताना तो भाग तसूभरही हलू नये, म्हणून त्याला नेमक्या जागी धरून ठेवणारी लोखंडी बैठक म्हणजे फिक्श्चर. ही बैठक आधी संगणकावर उभी करायची, मग तिचं ड्रॉइंग आणि मशीनचा प्रोग्राम खाली शॉपमध्ये द्यायचा, हे काम भूषणचं. रोज सकाळी काळेवाडीहून निघायचं, मोशीच्या चौकात ट्रकांमधून गाडी काढायची आणि नऊ वाजता पहिल्या मजल्यावरच्या खुर्चीत बसायचं, असं सहा वर्षं चाललं होतं.

संगणकावर एखादी वस्तू उभी करायला आधी सपाट चित्रं काढावी लागतात. त्यांना स्केच म्हणतात, आणि एकावर एक रचत अशी पंधरा-वीस स्केचं होतात. सरळमार्गी माणूस प्रत्येक स्केचमध्ये प्लेटच्या मूळ कडेपासून माप देऊन रेघ मारतो. भूषण असले कष्ट घेत नसे. आधीच्या स्केचमधली जी रेघ जवळ पडेल ती तो उचलायचा. तिच्यावर क्लिक केलं की तिची प्रत नव्या स्केचमध्ये ठिपक्याठिपक्यांनी उतरायची. माप टाकायला नको, आकडा आठवायला नको. शिवाय मूळ रेघ सरकली की उचललेली रेघही तिच्या मागोमाग आपोआप सरके. या 'आपोआप'वर भूषणचा फार जीव. आयत्या बिळावर नागोबा व्हायची एवढी अधिकृत सोय दुसऱ्या कुठल्या धंद्यात असेल असं त्याला वाटत नव्हतं. ऑफिसात त्यानं यावर एक व्याख्यानही दिलं होतं: 'एकच रेघ दोनदा का मारावी?' टाळ्या पडल्या. स्लाइड्स दुसऱ्याच्या होत्या.

घरी मात्र या विद्येला मान नव्हता. त्याचे वडील, खंडू ओव्हाळ, पिंपरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मार्कर होते. प्लेटला निळा रंग फासायचा, हाइट गेजच्या टोकानं त्यावर केसासारखी रेघ ओढायची आणि त्या रेघेवर भोक कुठं पडणार ते ठरवायचं, ही त्यांची हयात. "समदी मापं एकाच कडंपासनं घ्यायची," ते म्हणत. "भोकावरनं भोक मोजलं की मागली चूक म्होरं येती." हे वाक्य भूषण लहानपणापासून ऐकत आला होता आणि संगणकाच्या काळात ते जुनाट झालं आहे असं त्याचं मत होतं. मतं मात्र तो स्वतः बनवायचा. तेवढं एकच काम तो स्वतः करत असे.

खाली शॉपमध्ये मोठ्या मिलिंग मशीनवर इब्राहिमचाचा असत. जुन्या चाकण गावातले, अठ्ठावन्न वर्षांचे. मशीनशेजारी त्यांचा स्वतःचा लाकडी डबा, त्यात मायक्रोमीटर, डायल ही मापाची हत्यारं आणि पिवळं फडकं. भूषण नवा असताना त्यानं एका प्लेटमध्ये असं भोक दाखवलं होतं जिथं ड्रिल पोचूच शकत नव्हतं. चाचांनी ते वर तक्रार न करता त्याला खाली बोलावून समजावलं होतं, आणि वर जेवणाच्या डब्यातली भाकरीही खाऊ घातली होती. भूषणचा या माणसावर जीव होता. गंमत फक्त एकाच गोष्टीची करायचा. प्रोग्राम चालू करण्याआधी मशीनला प्लेटचा कोपरा कुठं आहे ते दाखवावं लागतं, त्याला शून्य घेणं म्हणतात. चाचा ते शून्य दोनदा घेत. एकदा घेऊन झालं की चष्मा पुसून पुन्हा पहिल्यापासून. "चाचा, एकच शून्य दोनदा घेऊन त्याचं एक होणार आहे का?" असं भूषण जिन्यावरून ओरडायचा आणि सगळे हसायचे. चाचाही हसायचे.

तर गिअरबॉक्सच्या एका झाकणाचं फिक्श्चर आलं. प्लेटवर दोन पिना, झाकणाची दोन भोकं त्या पिनांवर बसणार. पिनांची जागा प्लेटच्या कडेपासून एकशे बेचाळीस मिलिमीटर. भूषणनं ती कडेपासून मोजायला हवी होती. पण झाकणाच्या पोटात मजबुतीसाठी एक पट्टी होती, आणि तिची मधली रेघ अगदी पिनांच्या रांगेतच पडत होती. एवढी तयार रेघ समोर असताना कडेपर्यंत जाणार कोण? त्यानं पट्टीची रेघ उचलली, तिच्यावर पिना बसवल्या, ड्रॉइंगचे दोन्ही कागद छापून खाली पाठवले आणि चहाला गेला.

दुसऱ्या दिवशी कस्टमरची मेल आली, की झाकणाची पट्टी अडीच मिलिमीटर सरकवली आहे, बाकी काही बदल नाही. भूषणनं पट्टी सरकवली. एक क्लिक. पडद्यावर जे जे तिला बांधलेलं होतं ते आपोआप सरकलं, आणि आपल्या विद्येवर खूश होऊन त्यानं नवा प्रोग्राम मशीनला पाठवला. कागद त्यानं फक्त दुसरा छापला, ज्यावर पट्टीसाठीची खाच होती. पहिल्या कागदावर पिना होत्या. पिनांचं काही बदललंच नव्हतं, मग कागद कशाला वाया घालवायचा, असा त्यानं विचार केला.

बुधवारी ट्रायल होती. कस्टमरचे दोन इंजिनिअर, मालक निरंजन सर, प्लेट कोरणारे इब्राहिमचाचा आणि मागे भूषण. झाकण बसेना; भोकं पिनांवर आली की पट्टी खाचेत उतरेना. थोडं हलवून पाहिलं, उलटं करून पाहिलं, एका इंजिनिअरनं तळहातानं ठोकूनही पाहिलं. शेवटी निरंजन सरांनी हाइट गेज मागवला आणि पिना मोजल्या. एकशे साडेचव्वेचाळीस. हातातल्या कागदावर एकशे बेचाळीस.

"इब्राहिमभाई," ते हळूच म्हणाले, "पुन्हा?"

पुन्हा म्हणायचं कारण होतं. तीन वर्षांपूर्वी एका प्लेटची खाच चार मिलिमीटर सरकली होती, आणि शून्य घेताना ऑपरेटरची चूक झाली अशी फाइलला नोंद होती.

चाचांनी चष्मा काढला, पिवळ्या फडक्यानं पुसला, पुन्हा घातला आणि कागदावरचा आकडा वाचला. मग गेजवरचा. "शून्य तर मी दोनदा घेतलं व्हतं सर," ते म्हणाले. "पर प्लेट समोरच हाय. प्लेट खोटं कशाला बोलंल? माझ्याच डोळ्यांचं कायतरी आसंल."

निरंजन सर वाईट माणूस नव्हते. कस्टमर गेल्यावर त्यांनी चाचांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग सांगितलं, "उद्या सुट्टी आहे. शुक्रवारपासून तुम्ही स्टोअर बघा. पगार तोच. रागानं म्हणत नाही, पण मशीन आता दुसऱ्याला देऊ." चाचांनी मान हलवली.

भूषण वर आला. खरं तर तो चाचांच्या बाजूनं काही सापडतं का ते बघायला आला होता. निदान नंतर त्यानं स्वतःला तसं सांगितलं. मॉडेल उघडून पिनेच्या मध्यावर क्लिक केलं, तर ती जिच्यावर टेकलेली होती ती रेघ लुकलुकली. झाकणाची पट्टी. जन्मात पहिल्यांदाच त्याला एखादी गोष्ट इतक्या झटपट समजली. पट्टी सरकली, पिना सरकल्या, प्रोग्राम नवा गेला, कागद जुना राहिला. चाचांनी प्लेट कोरली ती बरोब्बर भूषणनं सांगितली तशीच.

आता उठून खाली जायचं होतं. एकोणीस पायऱ्या. भूषण बसून राहिला. त्यानं आधी गुपचूप ती उचललेली रेघ तोडली आणि पिनांना कडेपासून एकशे बेचाळीस माप दिलं, म्हणजे पुढची प्लेट तरी नीट येईल. मग न बोलण्याची कारणं शोधली. तीही नवी शोधावी लागली नाहीत. शाळेत काच फुटली तेव्हा वापरलेली होती तीच उपयोगी पडली: कुणी विचारलं नाही, झालं ते होऊन गेलं, आणि आता सांगून काच थोडीच जोडली जाणार आहे? वड्याचं तेल वांग्यावर निघालं खरं, पण वांग्यानं स्वतःच तेल कबूल केलं होतं. मग वड्यानं मधे तोंड का घालावं? सहा वाजता तो गाडी काढून मोशीमार्गे घरी गेला.

गुरुवारी सुट्टी. सकाळपासून तो गाडी पुसत होता. "अहो, ती टाकी तीनदा पुसून झाली," असं त्याची बायको दीक्षा म्हणाली तेव्हा तो गॅलरीत वडिलांपाशी येऊन बसला. खंडू ओव्हाळ मेथी निवडत होते. न राहवून भूषणनं कालची हकिकत सांगितली. चांगली रंगवून सांगितली, फक्त त्यात स्वतः कुठंच नव्हता. इब्राहिमचाचांचं शून्य चुकलं, पिना अडीच मिलिमीटर सरकल्या, वाईट झालं बिचाऱ्यांचं, वय झालं की असं होतं.

"बाकीची भोकं?" वडिलांनी विचारलं.

"बाकीची कुठली?"

"आरं, प्लेटीला का दोनच भोकं आसत्यात? बोल्टाची आसतील, टेकूची आसतील. ती कशी हायेत?"

भूषणनं टेकूच्या भोकांचा विचार केला. झाकणाची पट्टी त्यांना कुठंच बांधलेली नव्हती. "ती बरोबर आहेत," तो म्हणाला.

खंडू ओव्हाळांनी मेथीची काडी खाली ठेवली. "शून्य चुकलं तर समदी भोकं एका रांगेत सरकत्यात. दोनच सरकली म्हंजी त्या माणसाच्या हाताची चूक न्हाई. कागदाची हाय." मग त्यांनी निवडलेली पानं टोपलीत टाकली. भूषणला वाटलं, विषय संपला. "कागद कुनी काढला?"

"मी, आबा."

"त्याला ठावं हाय?"

"नाही."

"मंग आजची सुट्टी त्यो कशी काढत आसंल रं?" असं म्हणून त्यांनी पुन्हा मेथी पुढे ओढली. रागावले असते तर भूषणला बरं वाटलं असतं. रागावर त्याच्याकडे तयार उत्तरं होती.

शुक्रवारी जिन्याच्या पहिल्या पायरीशी चाचा उभे होते. हातात लाकडी डबा. "भूषण, ह्यो तुझ्याकडं ठेव," ते म्हणाले. "स्टोअरात मला मायक्रोमीटर काय करायचाय? तू मार्करचा पोरगा हाईस, तुला किंमत कळंल." मग जरा हसून म्हणाले, "काल दिसभर सुईत दोरा ओवून बघितला. फरीदा समोर बसली व्हती. सातव्या खेपेला गेला बघ. म्हंजी डोळं गेलंच म्हनायचं."

फरीदा म्हणजे चाचांची बायको. भूषणच्या डोळ्यांसमोर ते दोघं आणि मधली सुई आली, आणि त्याला स्वतःची किळस आली. 'नको' म्हणायचं होतं, पण आयतं समोर आलं की हात पुढे करायची जन्माची सवय. डबा त्यानं घेतला. घेतला तो घेतला, आणि तसाच काखेत धरून निरंजन सरांच्या केबिनमध्ये शिरला.

त्यानं सगळं सांगितलं. पट्टी, उचललेली रेघ, न छापलेला कागद. निरंजन सरांनी मॉडेल उघडायला लावलं, तारखा पाहिल्या, कागद पाहिला.

"तुला हे कधी कळलं?"

"बुधवारी."

"आज शुक्रवार आहे."

"मधे सुट्टी होती सर," भूषण म्हणाला. हे वाक्य त्याच्याच कानांवर पडलं, तेव्हा डबा टाकून पळून जावंसं त्याला वाटलं.

सरांनी मॉडेल बंद केलं. "इब्राहिमभाई मशीनवर परत. आजपासून तुझं एकही ड्रॉइंग त्यांच्या सहीशिवाय खाली लागणार नाही. आणि कस्टमरला स्पष्टीकरण लिही. दुपारपर्यंत मला हवं."

भूषणनं खाली जाऊन चाचांना सांगितलं आणि डबा परत केला. सगळी शॉप ऐकत होती. चाचांनी डबा उघडला, मायक्रोमीटर जागेवर आहे ना ते पाहिलं, बंद केला. "दोन दिस, भूषण," एवढंच म्हणाले आणि मशीनकडे वळले. भूषणला चरचरलं, पण सुटल्यासारखंही वाटलं. हात दाखवून अवलक्षण झालं खरं, पण एकदाचं झालं.

आता स्पष्टीकरण. एवढं सगळं होऊनही हात आपला जुन्या फोल्डरकडेच गेला. तीन वर्षांपूर्वीचं एक स्पष्टीकरण सापडलं, त्या खाचेच्या प्लेटचं. तारीख आणि भागाचं नाव बदललं की झालं, म्हणून त्यानं ते उघडलं. या खेपेला मात्र वाचलं. 'प्लेटचे शून्य घेताना ऑपरेटरकडून चूक झाली. संबंधितास योग्य ती समज देण्यात आली आहे.' खाली नाव: बु. खं. ओव्हाळ.

हे त्यानंच लिहिलं होतं हे तो विसरूनही गेला होता. लिहिलं म्हणजे तरी काय? त्याच्या आधीच्या डिझायनरच्या पत्रातून ते वाक्य जसंच्या तसं उचललं होतं. त्या वेळी कुणी काही तपासलं नव्हतं. पत्र हवं होतं, तयार पत्र सापडलं, गेलं. निरंजन सरांचं ते 'पुन्हा' या कागदातून निघालं होतं.

त्यानं तीन वर्षांपूर्वीचं मॉडेल उघडलं. खाचेच्या मध्यावर क्लिक केलं. दूर दुसऱ्याच कोपऱ्यात एक भलतीच कड लुकलुकली. ती कड बदलल्याची तारीख, कागद छापल्याच्या दुसऱ्या दिवसाची.

ती प्लेट केव्हाच भंगारात गेली होती. कस्टमर ते प्रकरण विसरला होता, सर विसरले असते. ही गोष्ट साऱ्या जगात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि तो माणूस आळशी होता. फाइल बंद करायला एक क्लिक पुरला असता. भूषणला आबांचं बोलणं आठवलं, आणि कालपासून आपल्याला ते सारखं आठवावं लागतंय याचा त्याला रागही आला.

त्यानं कोरा कागद उघडला. सहा वर्षांत पहिल्यांदा तो कोऱ्या कागदावर लिहीत होता, आणि पहिलं वाक्य जमायला त्याला तास लागला. ते असं होतं: 'दोन्ही वेळा चूक माझी होती, इब्राहिम मुलाणी यांची कधीच नव्हती.' पुढे काय लिहायचं ते त्याला सुचेना, म्हणून खाली सही केली. एक प्रत सरांच्या टेबलावर ठेवली आणि दुसरी घेऊन एकोणीस पायऱ्या उतरला.

चाचा नवी प्लेट मशीनवर चढवत होते. भूषणनं कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, आणि 'दोन्ही वेळा'पाशी थांबले.

"ती खाचेची बी?"

"ती पण चाचा. आज बघितलं. तेव्हा बघितलंच नव्हतं."

चाचा मशीनला टेकून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून भूषण पिवळ्या फडक्याकडे बघत राहिला. "तवापासनं मी शून्य दोनदा घेतो," चाचा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "घरी गॅस बंद केला तरी दोनदा बघतो. कुलूप लावून म्हागारी येतो. फरीदा म्हनती, तुमचं डोकं फिरलं. तीन वर्सं झाली भूषण. आन् तू जिन्यावरनं हासायचास."

"माझं चुकलं चाचा," भूषण म्हणाला.

चाचांनी त्याला जवळ घेतलं नाही, की माफ केलं असंही म्हटलं नाही. कागदाची घडी घातली, डब्यात मायक्रोमीटरच्या खाली ठेवली. मग ड्रॉइंग हातात घेऊन पिनांच्या मापावर बोट टेकवलं. "हे कुठनं मोजलंय?"

"कडेपासून."

"तूच?"

"मीच."

चाचांनी ड्रॉइंगवर सही केली. प्लेटचा कोपरा फडक्यानं पुसला, मशीन कोपऱ्याशी आणलं आणि शून्य घेतलं. सवयीनं त्यांचा हात चष्म्याकडे गेला. अर्ध्यावर थांबला आणि खाली आला. शून्य एकदाच घेऊन त्यांनी मशीन चालू केलं.